तिघांना तीन टॅब? आधी कोण कुठे बसणार ते ठरवा

जुळे सोलापुरातून एका आईचं पत्र आलं आहे. चार पानी आहे, म्हणून कामाचा भाग तेवढा देते.

"थोरली १३ वर्षांची, मधला ८ वर्षांचा, धाकटीला नुकतीच ३ पूर्ण झाली. दिवाळीत पुण्याला नणंदेकडे गेलो, तर मोहोळ यायच्या आतच मोबाइलवरून जुंपली. टेंभुर्णीच्या पुढे मधला म्हणाला, 'मम्मी, उलटी होऊ लाली,' आणि गाडी कडेला घेईपर्यंत झालीसुद्धा. थोरली कानात बोंडं घालून बसली ती थेट पुण्यातच बोलली. धाकटीला तिच्याच मांडीवर दिलं होतं म्हणून ती तरी जरा शांत होती. आता मेच्या पहिल्या आठवड्यात सासू-सासऱ्यांना घेऊन, दिरांच्या सात सीटच्या गाडीने गणपतीपुळ्याला जायचं आहे. सासूबाईंचे गुडघे दुखतात. यजमान म्हणतात, तिघांना तीन टॅब घेऊन टाकू, कटकट मिटेल. सासूबाई म्हणतात, आमच्या वेळी पोरं गप बसायची. तुम्ही शाळेत चाळीस-चाळीस पोरं सांभाळलीत. तिघांना एकदम रमवेल असा एखादा खेळ सांगा ना."

असा खेळ मला ठाऊक नाही, आणि कुणी विकत असेल तर घेऊ नका. शाळेत मी चाळीस पोरं सांभाळली हे खरं, पण ती चाळीसही एका वयाची होती आणि आमचा वर्ग हलत नव्हता. तीन, आठ आणि तेरा या वेगळ्या इयत्ता म्हणायच्या नाहीत, वेगळ्या शाळाच म्हणायच्या. धाकटी ज्याला खिदळते ते थोरलीला पोरकट वाटतं. थोरलीला जे आवडतं ते मधल्याला अर्धंच कळतं, म्हणून तो मध्ये मध्ये विचारत राहतो, म्हणून ती वैतागते.

तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. दुसऱ्यांदा वाचताना एका ओळीवर अडले: 'धाकटीला तिच्याच मांडीवर दिलं होतं.' तुम्ही ती ओळ सहज लिहून पुढे गेलात. सोलापूर ते पुणे अडीचशे किलोमीटर, तेरा वर्षांच्या पोरीच्या मांडीवर तीन वर्षांचं मूल, अंगावर दिवाळीचे नवे कपडे आणि शेजारी उलटी करणारा भाऊ. कानात बोंडं घातली नसती तरच नवल. ती रुसली नव्हती हो, ती कामावर होती.

म्हणून माझा सल्ला खेळांपासून सुरू होत नाही, सीटांपासून होतो. गाडीतली निम्मी भांडणं कंटाळ्याची नसतात, जागेची आणि मानाची असतात. कुणाला खिडकी, कुणाला आईची शेजारची जागा, कुणाच्या वाट्याला धाकटं भावंड, हे सगळं गाडीत बसता बसता घाईघाईत ठरतं आणि सात तास भोगावं लागतं. ते आदल्या रात्री ठरवा, मुलांसमोर, कागदावर.

धाकटीला आधी कुणाच्याही मांडीवरून उतरवा. करकचून ब्रेक लागला की हातांच्या पकडीत मूल राहत नाही, कितीही घट्ट धरा. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीने कलम १९४-ब आलं. १४ वर्षांखालचं मूल पट्टा किंवा चाइल्ड सीटशिवाय बसवलं तर हजार रुपये दंड आहे. यजमान तीन टॅब घ्यायला निघालेतच, तर त्यातल्या एकाच्या पैशात चाइल्ड सीट येऊन जाईल. फक्त ती प्रवासाच्या दिवशी खोक्यातून काढू नका. तीन वर्षांच्या मुलीला पहाटे उठवून अनोळखी पट्ट्यात अडकवलंत तर जुळे सोलापूर सगळं जागं होईल. आठवडाभर आधी गाडी मागून घ्या आणि दोनदा विजापूर रोडला, एकदा सिद्धेश्वर तलावाला असं तिला त्यात बसवून फिरवून आणा.

आता सात सीटा. पुढे यजमान आणि सासरे. मधल्या रांगेत सासूबाई, धाकटी आणि मधला. गुडघ्यांमुळे सासूबाईंना मागे चढता येणार नाहीच. आणि सगळ्यात मागे थोरलीबरोबर तुम्ही.

हो, तुम्ही. दचकलात ना? धाकटी जन्मल्यापासून थोरली आणि तुम्ही दोघीच शेजारी दोन तास कधी बसला होतात, आठवून बघा. पहिला तासभर ती बोलणार नाही. बोलायला लावूही नका, शाळेचं तर नावच काढू नका. कानातली बोंडं असू द्यात. सांगोल्याच्या आसपास कधीतरी एक बोंड ती स्वतःच तुमच्यापुढे करेल, 'हे ऐक'. गाणं आवडलं नाही तरी ऐका.

धाकटीचं कोण बघणार? सासूबाई बघतील. 'आमच्या वेळी पोरं गप बसायची' म्हणणाऱ्या माणसाला हातात मूल देण्यासारखा दुसरा मान नाही. हे मी कुचकेपणाने म्हणत नाही (थोडंसं म्हणते), कारण त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. मी मूळची बार्शीची. कुर्डुवाडीला जायचं तर अडीच फुटी रुळांवरची ती बार्शी लाइट रेल्वे, १८९७ पासूनची. चालत्या गाडीतून उतरून शेंगा उपटून पुन्हा चढता येतं असं लोक तिच्याबद्दल म्हणत. आम्ही चार भावंडं. गप बसत होतो असं नाही, पण प्रत्येकाच्या गळ्यात काहीतरी काम होतं. थोरल्या भावाने दर स्टेशनला सामानाचे डाग मोजायचे. धाकट्या बहिणीने खिडकीबाहेर डोकं काढलं की कोळशाचा कण डोळ्यात जाईल म्हणून तिचं झंपर धरून बसायचं काम अक्काचं. आणि माझ्याकडे फिरकीचा तांब्या. ती फिरकी मी इतक्या वेळा काढली आणि इतक्या जोरात लावली की पाणी प्यायच्या वेळी कुणालाच निघेना, शेवटी कुर्डुवाडीच्या फलाटावर एका हमालाने काढून दिली. आईने रागावून तांब्या काढून घेतला नाही. परतीच्या वाटेवरही तो माझ्याकडेच होता.

तर सासूबाईंना एक सोलापुरी नॅपकिन द्या आणि विचारा, 'रुमालाचा उंदीर येतो का हो?' त्या पिढीतल्या बहुतेकांना येतो. रुमालाची त्रिकोणी घडी, दोन टोकं मध्ये, खालून वर गुंडाळी, मग उलटा करून दोन्ही बाजू आत घेऊन खोचायचं आणि खोचलेलं बाहेर उलगडत जायचं. शेवटी दोन शेपट्या सुटतात. एकीला गाठ मारली की कान झाले. तो हातावर ठेवून मागून बोटांनी टिचकी दिली की उडी मारतो. तीन वर्षांचं मूल हा उंदीर वीस मिनिटं सलग बघू शकतं, आणि मग तो सोडून पुन्हा करायला सांगतं. टॅबवरचं चित्र मूल इतक्या वेळा 'पुन्हा' म्हणून मागत नाही, चित्र आपोआपच पुढे सरकतं.

बाकी तिच्यासाठी फार काही नेऊ नका. चार-पाच लहान वस्तू कागदात गुंडाळून ठेवा. घरातलीच झाकणाची डबी, जुना हिशेबाचा कॅल्क्युलेटर, दोन मोठे मणी ओवलेली नाडी असं काहीही चालेल. एक कंटाळून झाली की दुसरी, तीही तिने मागितल्यावर. सगळी पिशवी एकदम दाखवलीत तर मंगळवेढ्यातच संपेल.

आणि ते 'अजून किती?' तीन वर्षांच्या मुलाला 'पाच तास' म्हणजे काहीच कळत नाही, आठ वर्षांच्याला कळतं पण पटत नाही. एका दोरीला कपड्यांचे दहा चिमटे लावा: मंगळवेढा, सांगोला, कवठेमहांकाळ, मिरज, कोल्हापूर, मलकापूर, आंबा, साखरपा, पाली आणि गणपतीपुळे. दोरी पुढच्या सीटच्या पाठीवर बांधा. गावाचा फलक आला की मधल्याने मोठ्याने ओरडायचं आणि धाकटीने चिमटा काढायचा. उरलेले चिमटे म्हणजे उरलेली वाट. एवढा एकच उद्योग आहे ज्यात तिघांपैकी दोघं एकत्र लागतात. तिसरीला ओढू नका.

आता मधला. खरं तर तुमच्या प्रवासाचा कळीचा मुद्दा हाच मुलगा आहे, कारण पुण्याच्या वाटेवर घाट नसताना त्याला झाली, आणि इथे तर कोल्हापूरच्या पुढे आंबा घाट आहे. आपली सोलापूरची पोरं सपाटीची. डोंगर म्हटला की लांबून बघायचा. वळणावळणाचा रस्ता त्यांच्या पोटाला ठाऊकच नसतो.

गाडी लागते ती पोटामुळे नाही. कानाच्या आत तोल सांभाळणारा भाग असतो, तो सांगतो की आपण हलतोय. डोळे मोबाइलवर खिळलेले असले तर ते सांगतात की आपण स्थिर आहोत. या दोन साक्षींचा मेळ बसेना की मेंदू गडबडतो आणि मळमळतं. साधारण दोन ते बारा वर्षांच्या मुलांना हा त्रास जास्त. म्हणजे तुमचा मुलगा ऐन त्या वयात आहे, आणि दिवाळीत मोहोळपर्यंत ज्या मोबाइलवरून भांडला, तो त्याला मिळाल्यावरच टेंभुर्णीला काय व्हायचं ते झालं असणार. टॅब त्याच्या हातात दिलात तर घाटाच्या आधीच पिशवी लागेल.

ही चूक मी स्वतः केलेली आहे, म्हणून एवढं ठासून सांगते. माझी दोन पोरं आणि भाचा अशा तिघांना घेऊन आम्ही महाबळेश्वरला चाललो होतो. मी शिक्षिका, मला वाटलं पुस्तक म्हणजे मोबाइलसारखं वाईट थोडंच. तिघांना तीन चित्रकोडी दिली. पसरणी घाटात भाच्याने 'मावशी, सापडला ससा!' असं म्हणत पुस्तक माझ्यापुढे केलं आणि माझ्या नव्या इरकलीवरच ओकला. ससा कुठे होता ते आजवर मला कळलेलं नाही.

तर त्याचे डोळे लांब हवेत. मधल्या रांगेत त्याला अशा बाजूला बसवा की समोरच्या काचेतून रस्ता दिसेल. त्याला नंबर प्लेटांचं खातं द्या. घरातून निघाल्यावर सगळीकडे एमएच-१३, मधूनच अकलूजची ४५ आणि विजापूरकडून आलेली केए-२८. मग हळूहळू सांगलीची १० वाढत जाते, मग कोल्हापूरची ०९, आणि घाट उतरला की रत्नागिरीची ०८. पहिली ०८ आंबा घाटाच्या आधी दिसते का नंतर, यावर आजोबांशी पैज लावायची. ढालगावच्या बाजूला पवनचक्क्या दिसल्या तर त्या मोजायच्या, पण एका भाषेत मोजून काय मजा? आजोबांनी ओंदु, एरडु, मूरु म्हणायचं, मुलाने ओकटी, रेंडु, मूडु. सोलापूरच्या पोराला शेजारच्या घरांतून तेलुगू-कन्नड आपोआप मिळतं, ते असं कुठेतरी वापरलं गेलं पाहिजे. भांडायला तर ती वापरतातच.

कोल्हापुरात मिसळ खाऊ नका. म्हणजे तुम्ही मोठ्यांनी खा, तुमचं तुम्ही बघा, पण त्याला नाही. पोट रिकामंही नको आणि तुडुंबही नको. कोरडी भाकरी, थोडे चुरमुरे, आल्याची वडी तोंडात धरायला. औषध द्यायचं की नाही आणि किती हे तुमच्या मुलांच्या डॉक्टरांना विचारा, आणि विचारताना 'पहाटे पाचला निघणार, घाट सहा-साडेसहा तासांनी लागणार' एवढं नक्की सांगा. ही औषधं त्रास सुरू व्हायच्या आधी द्यावी लागतात, पण घरून निघतानाच दिलं तर घाटापर्यंत त्याचा जोर ओसरलेला असू शकतो. घाटापुरती सीटांची अदलाबदल करा: सासूबाई पुढे, सासरे मागे, तुम्ही मध्ये मुलाजवळ. सासरे कुरकुरतील, पण सगळ्यात मागच्या रांगेला हेलकावे जास्त बसतात, तिथे मुलाला पाठवायचं नाही हे त्यांना सांगा. दोन जाड पिशव्या, ओला नॅपकिन आणि कपड्यांचे दोन जोड हाताशी. एक त्याचा, एक तुमचा.

घाटाच्या आधी मलकापूरपर्यंत एक गोष्ट मात्र व्हायला हवी. कोल्हापूर सोडलं की तुम्ही पन्हाळ्याच्या बाजूने विशाळगडाच्या दिशेने जाता. जुलै १६६० मध्ये महाराज सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून पन्हाळ्यावरून विशाळगडाला गेले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू लढले, ते याच मुलखात. आठ वर्षांच्या मुलाने चौथीच्या पुस्तकाच्या आधी ही गोष्ट खिडकीतून बघत ऐकावी. सांगायची कुणी? आजोबा तयारच असतील, पण मी थोरलीला विचारेन. आदल्या आठवड्यात एकदाच, सहज. 'नाही' म्हणाली तर आजोबा.

थोरलीला आणखी एक कोडं घाला, हे माझ्यातल्या मास्तरणीचं, राहवत नाही. वाटेत किती नद्या लागतात, आणि त्यांतल्या कोणत्या नदीचं पाणी गणपतीपुळ्याच्या समुद्राला मिळतं? पहाटे निघालात तर उजाडता उजाडता माचणूरजवळ भीमा लागेल. (तिथल्या ब्रह्मपुरीला १६९५ ते १६९९ औरंगजेबाची छावणी होती. हे कोडं नाही, पण सासऱ्यांना आवडेल.) पुढे माण, ती भीमेलाच मिळते. मिरजेच्या पुढे कृष्णा, कोल्हापुरात पंचगंगा, ती नरसोबावाडीला कृष्णेत जाते, आणि भीमाही पुढे कर्नाटकात कृष्णेतच. म्हणजे सोलापूरपासून घाटमाथ्यापर्यंत जे जे पाणी तुम्ही ओलांडता ते सगळं पाठ फिरवून पार बंगालच्या उपसागराला चाललेलं असतं. समुद्र शंभर किलोमीटरवर असताना! घाट उतरल्यावरच काजळीसारख्या नद्या लागतात, त्या अरबी समुद्राच्या. उत्तर आधी सांगू नका. तेरा वर्षांच्या मुलीला दुसऱ्याने न सांगता कळलेली गोष्ट दिवसभर पुरते.

टॅबांचं काय? तीन तर नकोतच. घरात एक आहे तो घ्या, आणि थोरलीचा फोन तिचा तिच्याकडे राहू द्या, तो भावंडांत वाटायला लावू नका. दिवाळीचं भांडण तिथूनच सुरू झालं असणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये तीन-चार वर्षांच्या मुलांसाठी दिवसाला फार तर एक तास स्क्रीन असं सांगितलं आहे. तो तास राखून ठेवा, गाडी थांबलेली असताना नाहीतर अगदी शेवटच्या टप्प्यात, सगळे आंबले की वापरा. मधल्यासाठी गोष्टी डाउनलोड करून ठेवा, पण ऐकायच्या. कानाने गोष्ट ऐकली तर पोट बिघडत नाही.

खाण्याचं थोडक्यात. धपाटी, कडक भाकरी, शेंगाची चटणी, दह्याचा डबा हे आपल्याला सांगायला नको. एक मात्र सांगते, कारण सोलापूरच्या घरात हे कुणाच्या डोक्यात येत नाही. धाकटीला चालत्या गाडीत अख्खे शेंगदाणे, फुटाणे, द्राक्ष देऊ नका. हिसका बसला की दाणा श्वासनलिकेत जातो. चटणी दही-भाकरीबरोबर खुशाल द्या, चटणीतला दाणा कुटलेला असतो.

दर दोन तासांनी थांबा. हायवेच्या कडेला नको, जिथे अंगण असेल अशा ढाब्यावर किंवा पेट्रोल पंपावर, आणि धाकटीला पळू द्या. पहाटे पाचला निघालात तर पहिला थांबा साताच्या सुमारास, उन्हं चढायच्या आत. मेमधलं आपल्याकडचं दुपारचं ऊन गाडीत पोरं असताना अंगावर घ्यायचं नसतं. मिरजेपर्यंत ती अर्धी झोपेतच असतील, तेवढे तास फुकट मिळाले म्हणायचं.

परतीच्या प्रवासासाठी मी काहीच सांगत नाही. तेव्हा सगळे काळवंडलेले, दमलेले, वाळूने भरलेले असतील, आपोआप झोपतील. फक्त यजमानांना आत्ताच सांगून ठेवा की सातजण, पिशव्या आणि चाइल्ड सीट एवढं गाडीत बसल्यावर हापूसच्या दोन पेट्यांना जागा उरत नाही. एक घ्या, आणि ती कुणाच्या पायांशी राहणार हेही त्या आदल्या रात्रीच्या कागदावर लिहून टाका.